मोटारीच्या दारातील अंबाडी

मोटारगाडीचे वजन म्हटले की डोळ्यांसमोर इंजिन आणि पोलादी सांगाडा येतो. दाराच्या आतील बाजूस, डॅशबोर्डवर, छताखाली आणि डिकीत बसविलेली पॅनेले मात्र आपण निव्वळ सजावट समजतो. परंतु त्यांचाही भार चाकांवरच पडतो. गाडीचे वजन १० टक्क्यांनी घटल्यास इंधनाची बचत ६ ते ८ टक्क्यांनी सुधारू शकते, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. विजेच्या गाडीत तर बॅटरीच इतकी जड असते की अन्यत्र प्रत्येक किलो वाचवावा लागतो. चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना हे नवे नसेल. हा पाठ इतरांसाठी आहे.

हलके पॅनेल कसे निवडावे? सर्वांत मजबूत पदार्थ घ्यावा आणि तो पातळ करावा, हे सहज सुचणारे उत्तर चुकीचे आहे. पॅनेलला गाडीचा भार पेलायचा नसतो. हाताने दाबले वा गुडघा टेकला तरी ते लवू नये, ही त्याच्याकडून मुख्य अपेक्षा. हा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की तो आठपट होतो. आता निम्म्या घनतेचा दुसरा पदार्थ घ्या. तेवढ्याच वजनात त्याची जाडी दुप्पट मिळेल. तो पदार्थ अंगाने निम्माच ताठर असला, तरी पॅनेल चौपट ताठर होईल. म्हणजेच ताठरपणा पूर्वीइतकाच पुरेसा असेल, तर वजन बरेच कमी करता येते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, काचतंतूची सुमारे २.५, तर ताग, जवस, अंबाडी यांच्या तंतूंची १.५ च्या आसपास. वनस्पतितंतूंचे महत्त्व या आकड्यांत आहे. केवळ निसर्गप्रेमापोटी कोणी त्यांच्याकडे वळलेले नाही.

हा विचार जुना आहे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये हेन्री फोर्ड यांनी डिअरबॉर्न येथे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकची बाह्य पॅनेले चढविलेली गाडी दाखविली. त्या प्लॅस्टिकमध्ये सोयाबीन वापरले होते असे सांगितले जाई. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो, म्हणजे तेव्हाच्या पोलादी गाडीपेक्षा साडेचारशे किलोंनी कमी भरले. पुढे महायुद्धात काम थांबले, आणि त्या पॅनेलांची नेमकी कृती कोठेही लिहून राहिली नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही हानी गाडीपेक्षाही मोठी वाटते.

२०१३ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने जर्मनीतील लाइपझिग येथे ‘आय-३’ ही विजेची गाडी बनविण्यास आरंभ केला. प्रवासी कक्षाचा सांगाडा कार्बनतंतूंचा, आणि बॅटरीसह वजन सुमारे १२०० किलो. तिच्या दारांच्या आतील पॅनेलांत ‘केनाफ’चे तंतू होते, आणि त्यांचा पोत डोळ्यांना दिसेल असाच ठेवला होता. केनाफ हे नाव परके वाटते, पण ती आपली अंबाडीच. शेताच्या कडेने पेरली जाणारी, पाण्यात कुजवून जिचा वाख काढतात आणि दोर वळतात, ती.

अशा पॅनेलासाठी तंतूंसोबत बहुधा पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक निवडतात. कारण वनस्पतितंतू २०० अंश सेल्सिअसच्या पुढे करपू लागतात, आणि हे प्लॅस्टिक सुमारे १६५ अंशांलाच वितळते. दोन्हींचे तंतू एकत्र पिंजून गादी करतात, ती तापवितात आणि थंड साच्यात दाबतात. दाबताना आत थोडी पोकळी राखली की घनता आणखी उतरते.

तरीही वजन ही एकच कसोटी नव्हे. अमेरिकेच्या सुरक्षा नियमानुसार गाडीतील आतला पदार्थ मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने जळता कामा नये. भारतातही यासाठी मानक आहे. वनस्पतितंतू पाणी शोषतात, त्यामुळे पावसाळी हवेत फुगण्याचा धोका असतो. शिवाय वास. अंबाडी कुजविलेल्या डबक्याजवळून गेलेल्यास याचे स्पष्टीकरण नको. उन्हात बंद उभ्या गाडीत तो वास प्रवाशाला असह्य होईल. त्यासाठी जर्मन वाहन उद्योगात एक चाचणी रूढ आहे: नमुन्याचा तुकडा बंद बरणीत ठेवून तापवितात, मग तपासनीस झाकण उघडून स्वतःच्या नाकाने हुंगतात आणि १ ते ६ यांपैकी गुण देतात. १ म्हणजे वास जाणवत नाही, ६ म्हणजे सहन होत नाही.