जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक

एखादें वाहन घरीं आलें म्हणजे पाहणारा पहिला प्रश्न करतो तो हा कीं, तें किती वेगानें धावतें? तें किती अंतरांत थांबतें, हा प्रश्न फारच थोड्यांच्या तोंडीं येतो. वास्तविक धावणें व थांबणें हीं एकाच विद्येचीं दोन अंगें आहेत. आणि ज्यास वेळेवर थांबतां येत नाहीं, त्याचें धावणें म्हणजे दैवावर हवाला ठेवणें होय. पेण व रोहें या दोन्ही तालुक्यांत वडिलांनीं काटकसर करून घेतलेल्या जुन्या मोटारसायकली अजून कित्येक घरीं चालू स्थितींत आहेत, आणि आज ना उद्यां त्या मुलांच्या हातीं जाणार आहेत. म्हणून त्यांच्या पुढच्या ब्रेकचें शास्त्र मुलांनीं व पालकांनीं मिळून समजून घ्यावें, एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

१. थांबणें म्हणजे काय?

चालत्या वस्तूच्या अंगीं गतिज ऊर्जा असते, हें तुम्हीं पदार्थविज्ञानांत शिकलांच आहां. गाडी, चालक व मागें बसलेला मनुष्य मिळून ३०० किलोग्रॅम भार धरूं. ताशीं ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास सुमारें १६.७ मीटर. वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गानें गुणिलें असतां ऊर्जा सुमारें ४१,७०० जूल येते. बर्फाइतकें थंड असें १०० ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापविण्यास जवळजवळ इतकीच उष्णता लागते. ही ऊर्जा नाहींशी होत नाहीं. ब्रेकमध्यें घर्षण होऊन तिचें उष्णतेंत रूपांतर होतें. वेग ताशीं ३० किलोमीटर असेल तर हीच ऊर्जा निम्मी नव्हे, तर चतुर्थांश भरते. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र होय. आणि दुसरी, वेग दुप्पट झाला कीं त्या यंत्राचें काम चौपट होतें.

२. पुढच्याच चाकाचा विचार कां?

एक सोपा प्रयोग करून पाहा. सायकल हातीं धरून मोकळ्या अंगणांत सावकाश चालवीत न्या. मागचा ब्रेक दाबा. मागचें चाक घसटत पुढें येईल. आतां पुढचा दाबा. सायकल जागच्या जागीं थांबेल आणि मागचें चाक किंचित् उचललें जाईल. थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो, हें या प्रयोगावरून डोळ्यांस दिसतें.

याचें गणितहि कठीण नाहीं. उभ्या गाडीचा भार दोन्ही चाकांवर निम्मा निम्मा आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे, आणि दोन चाकांच्या आंसांमधील अंतर १३० सेंटिमीटर आहे, असें समजा. गुरुत्वत्वरणाच्या सहा दशांश इतक्या जोरानें गाडी थांबविली, तर ०.६ × ६५ ÷ १३० म्हणजे एकूण भाराचा ०.३ भाग मागून पुढें सरकतो. शंभरांपैकीं ८० भाग पुढच्या चाकावर व अवघे २० भाग मागच्या चाकावर राहतात. ज्या चाकावर भारच उरला नाहीं, तें चाक रस्ता काय धरणार? तें लगेच घसरूं लागतें.

पुढचा ब्रेक दाबला तर गाडी उलटते, अशी एक समजूत सर्वत्र ऐकूं येते. या भीतीपायीं पुष्कळ लोक जन्मभर केवळ पायाच्या ब्रेकवर गाडी चालवितात. खरी गोष्ट अशी कीं, दोष ब्रेकचा नसून एकाएकीं मूठ आवळण्याचा आहे. गाडी सरळ उभी असतां, दोन्ही ब्रेक एकत्र लावून, पुढची मूठ क्रमाक्रमानें दाबीत नेली म्हणजे भार पुढच्या टायरवर बसतो आणि मग तो टायर अधिक जोर सहन करतो. खडीवर, चिखलांत किंवा वळणांत गाडी कलती असतां मात्र हात फार हलका ठेवावा.

३. जुन्या ब्रेकची रचना

इ. स. १९५५ मध्यें मद्रास येथें बुलेट मोटारसायकलींची जोडणी सुरू झाली. त्यापुढें राजदूत, म्हैसूरची जावा व येझदी, आणि १९८५ पासून यामाहा आर. एक्स. १०० अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. या गाड्यांना पुढें ड्रम ब्रेक असे. चाकाच्या मध्यभागीं लोखंडी कडें असलेला पोकळ ड्रम, आंत अर्धचंद्राकार दोन शू, त्यांवर घर्षणाचें अस्तर म्हणजे लायनर, आणि मुठीकडून येणारी केबल, अशी त्याची रचना असते. केबल ओढली कीं बाहेरची दांडी फिरते, आंतला कॅम वळतो आणि शू फाकून ड्रमला भिडतात.

बैलगाडीच्या चाकाखालीं घातलेली उटी, चाक तिच्यावर येऊं लागलें कीं अधिकच घट्ट रुतते. ड्रममधील एक शू असाच वागतो. फिरता ड्रम त्यास आपल्याबरोबर ओढून स्वतःवर अधिक दाबून घेतो. दुसऱ्या शूस मात्र ड्रम परत ढकलतो. त्यामुळें एका कॅमच्या ब्रेकमध्यें एक शू पुष्कळ काम करतो व दुसरा थोडें.

४. आधीं दुरुस्ती, मग सुधारणा

नवा ब्रेक बसविण्याचा उत्साह येण्यापूर्वीं जुना ब्रेक पूर्ण शक्तीनें काम करतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. जाणत्या मिस्त्रीकडून पुढील गोष्टी तपासून घ्याव्या.

(अ) लायनर झिजला आहे काय, अथवा त्यावर ग्रीस वा तेल चढलें आहे काय? तेलकट लायनर घासून पुन्हा वापरूं नये, बदलावा.

(आ) ब्रेक दाबलेला असतां केबल व दांडी यांत साधारण काटकोन होतो काय? काटकोनांत जोर सर्वांत अधिक लागतो. लायनर झिजल्यावर दांडी पुढें जाते व जोर कमी होतो. कित्येक ठिकाणीं दांडी काढून एक दांता मागें बसवून देतात. त्यानें झीज झांकली जाते. भरून निघत नाहीं.

(इ) केबलचें बाहेरचें आवरण दबतें काय? दबत असेल तर हाताचा जोर आवरणांतच खर्च होतो.

(ई) ड्रम वाटोळा आहे काय? ब्रेक लावतांना मुठींत ठोके जाणवले, तर ड्रम लंबवर्तुळ झाला असण्याचा संभव असतो.

(उ) चाक परत बसवितांना आंसाचा नट ढिला ठेवून चाक फिरवावें, ब्रेक दाबून धरावा आणि तसाच दाबलेला असतां नट आवळावा. त्यामुळें शू ड्रमच्या मध्यावर बसतात. या युक्तीस एक पैसाहि लागत नाहीं.

एक इशारा येथेंच देतों. जुन्या लायनरमध्यें ॲस्बेस्टस असूं शकतें, व त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. ती तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

५. सुधारणेचे दोन मार्ग

पहिला मार्ग दोन कॅमच्या ड्रमचा. यांत दोन्ही शूंना स्वतंत्र कॅम असून बाहेरून एका सळईनें ते जोडलेले असतात, त्यामुळें दोन्ही शू उटीप्रमाणें रुततात. बुलेटच्या नंतरच्या कांहीं मॉडेलांवर असा ७ इंची ब्रेक येत असे. ड्रम, शूची थाळी व तिला धरून ठेवणारा आधार हे सर्व त्याच कारखान्याचे, एकमेकांस जुळणारे असावे. या ब्रेकचा एक गुणधर्म ध्यानांत ठेवा: चाक उलट फिरूं लागलें कीं तो दुबळा होतो. चढावर गाडी मागें सरकूं लागली तर पायाच्या ब्रेकचा आधार घ्यावा.

दुसरा मार्ग डिस्कचा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ मध्यें डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. पण मोठ्या संख्येनें तयार होणाऱ्या मोटारसायकलीवर पुढें तेलाच्या दाबाचा डिस्क ब्रेक आला तो १९६९ सालीं, होंडाच्या सी. बी. ७५० या गाडीवर. येथें पास्कलचा नियम कामास येतो. मुठीजवळील लहान पिस्टनाचा दाब तेलांतून कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनाकडे जातो आणि पॅड चकतीस दोन्ही बाजूंनीं आवळतात. चकती उघडी असल्यानें लवकर थंड होते व तिच्यावरील पाणी फेंकलें जातें.

परंतु केवळ चकती व कॅलिपर विकत आणून काम होत नाहीं. थांबविण्याचा सारा पीळ कॅलिपरमधून फोर्कच्या एका पायावर येतो. जुन्या फोर्कवर त्यासाठीं जागाच नसते, आणि तेथें वेल्डिंग करून पट्टी चिकटविणें म्हणजे संकटास आमंत्रण देणें होय. त्याच कंपनीच्या डिस्क असलेल्या मॉडेलचा फोर्क, आंस, चाक, कॅलिपर व मास्टर सिलिंडर असा सबंध संच जुळत असेल, तरच हा मार्ग धरावा. बुलेटच्या नंतरच्या मॉडेलांवर २८० मिलिमीटरची चकती आली, पण ती तिच्यासाठींच घडविलेल्या फोर्कसह आली. मास्टर सिलिंडर प्रमाणापेक्षां मोठा घेतला तर मूठ दगडासारखी होते. लहान घेतला तर ती हँडलला टेंकते. शिवाय ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. असें तेल तापलें कीं त्यांत वाफ होते व मूठ पोकळ लागते. म्हणून दोन वर्षांनीं तें बदलावें.

आणि मार्ग कोणताहि धरा, ब्रेक चाक थांबवितो, पण गाडी थांबवितो तो टायर. गुळगुळीत झालेल्या टायरवर उत्तम ब्रेक लावणें व्यर्थ आहे.

६. कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार करतां येत नाहीं. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वीं पेण येथील परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें व विमा कंपनीसहि कळवावें. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. हून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकूं न देणारी ए. बी. एस. यंत्रणा सक्तीची झाली. जुन्या गाडीस ती नाहीं. तेथें तें काम शिकलेल्या हातानेंच करावयाचें आहे. हा हात अठरा वर्षांचा व परवानाधारक असला पाहिजे. अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनें पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो.

७. आपला रस्ता

पेणहून वडखळ व नागोठणें करून भिसे खिंडीनें रोह्यास जाणारा रस्ता डोळ्यांपुढें आणा. श्रावणाची झड लागली आहे, शेतांतून आलेला चिखल डांबरावर पसरला आहे, आणि वळणापलीकडे गुरें बसलीं आहेत. वेग ताशीं ६० किलोमीटर असेल, तर मनास कळून हात दाबेपर्यंतच्या एका सेकंदांत १७ मीटर निघून जातात. पुढें चांगल्या कोरड्या रस्त्यावर दर सेकंदास ६ मीटरनें वेग कमी करणारा ब्रेक २३ मीटर घेतो. निम्म्या शक्तीचा दुबळा ब्रेक ४६ मीटर घेतो. ओल्या रस्त्यावर हीं दोन्ही अंतरें वाढतात. म्हणून पावसांत वेग आधींच कमी करावा, उतारावर खालच्या गिअरमध्यें एंजिनाचा आधार घ्यावा, आणि पाण्यांतून गाडी काढल्यावर थोडें अंतर ब्रेक हलका दाबून ड्रम वाळवून घ्यावा.

मुलांनो, गाडीस नवा रंग देण्यास व मोठा आवाज करणारी नळी बसविण्यास जे पैसे लागतात, त्याहून थोड्या पैशांत शू, केबल व टायर येतात. पालकांनीं गाडीची किल्ली मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं त्याच्यासमवेत एकदां पुढचें चाक उघडून पाहावें. दुबळ्या व चांगल्या ब्रेकमधील तें तेवीस मीटरांचें अंतर कागदावर एका ओळींत मावतें. खिंडींतील वळणावर मात्र त्यांत कोणाचें तरी घर उभें असतें.

स्वाध्याय

१. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या ३०० किलोग्रॅम भाराची गतिज ऊर्जा काढा व ती ताशीं ८० किलोमीटर वेगाच्या ऊर्जेशीं ताडून पाहा.
२. गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर व आंसांमधील अंतर १४० सेंटिमीटर असतां किती भार पुढें सरकेल?
३. घरच्या दुचाकीच्या पुढच्या ब्रेकची केबल व दांडी यांतील कोन वडिलांच्या समक्ष पाहून वहींत काढा.