हायड्रोजनवर चालणारी मोटार : भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?



पाण्यापासून इंधन तयार होते व त्यावर मोटार चालते, ही बातमी आपण वाचली असेल. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी या कंपनीने मिळून तयार केलेली हायड्रोजनची बस लोकांसमोर आली. त्याआधी २०२० साली याच दोघांनी मोटारीवर चाचणी घेतली होती. हे काम भोरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर झाले. साहजिकच भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. मार्केट यार्डात माल नेण्यासाठी नवी गाडी घ्यायची ती आताच घ्यावी की हायड्रोजनची गाडी येईपर्यंत थांबावे? आणि भाताच्या पेंढ्यापासूनही हायड्रोजन काढतात म्हणतात, तर पेंढ्याला गिऱ्हाईक आले तर तो द्यावा का?

हायड्रोजन आपल्या ओळखीचाच

हा वायू आपल्या शेतात कधीच पोहोचला आहे. युरिया तयार करण्यासाठी आधी अमोनिया लागतो आणि अमोनिया हा हवेतील नत्र व हायड्रोजन यांचा संयोग होय. हिशेब केला तर ४५ किलोच्या एका युरियाच्या गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो. टोयोटा कंपनीच्या मिराई या हायड्रोजन मोटारीच्या टाक्यांत ५.६ किलो हायड्रोजन मावतो व त्यावर ती सुमारे ६५० किलोमीटर जाते. म्हणजे आपण भाताला एक गोणी युरिया देतो तेव्हा मोटारीला साडेचारशे-पाचशे किलोमीटर पुरेल इतका हायड्रोजन खाचरात जातो. अलिबागजवळ थळ येथील राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढला जातो. त्यात कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्यातला बराचसा तिथेच युरिया बनवण्यासाठी लागतो.

दुसरी पद्धत पाण्याची. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात. ही वीज सूर्य, वारा किंवा धरण यांपासून मिळालेली असेल तर त्यास हरित हायड्रोजन म्हणतात. मोटारीत नेमकी उलट क्रिया घडते. इंधनघटात हायड्रोजन व हवेतील प्राणवायू एकत्र येतात, वीज तयार होते आणि नळीतून फक्त पाण्याची वाफ बाहेर पडते. तेव्हा मोटारीच्या बाबतीत हायड्रोजन हे वीज साठवून नेण्याचे भांडे आहे, असे समजावे. भांडे गळके असेल तर तोटा किती, हा खरा प्रश्न आहे.

विजेचा हिशेब

एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून टाकीत भरण्यास आणखी काही युनिट लागतात, ते तूर्त सोडून देऊ. एक किलोवर मोटार शंभर किलोमीटरहून थोडी अधिक चालते. तेच अंतर बॅटरीची लहान मोटार १६ ते १८ युनिटमध्ये कापते. युनिटला ६ रुपये धरले तर शंभर किलोमीटरला बॅटरीच्या गाडीचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास येतो आणि हायड्रोजनच्या गाडीचा नुसत्या विजेचाच सुमारे ३३० रुपये. यंत्रसामग्री, दाब देणे, वाहतूक आणि पंपवाल्याचा नफा त्यावर वेगळा.

आपल्या भाटघर धरणाच्या पायथ्याचे उदाहरण घेऊ. तेथील वीजगृह १६ मेगावॅट क्षमतेचे आहे. ते पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर १६,००० युनिट वीज मिळते. त्यापासून सुमारे २९० किलो हायड्रोजन तयार होईल आणि मोटारी सगळ्या मिळून तीस हजार किलोमीटर धावतील. तीच वीज बॅटऱ्यांत भरली तर नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास. हा तिपटीचा फरक नव्या संशोधनाने कमी होईल, पण पुरता जाणार नाही, असे माझे मत आहे. कारण विजेचे रूप दोनदा बदलावे लागते व दोन्ही वेळा काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

पाण्याची धास्ती मात्र अनाठायी आहे. एक किलो हायड्रोजनला मुळात ९ लिटर पाणी लागते. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस सुमारे १,३५० लिटर. एवढे पाणी एक म्हैस तीन-साडेतीन आठवड्यांत पिते. पाणी शुद्ध करण्यात व यंत्र थंड ठेवण्यात आणखी पाणी जाते, तरीही मोटारींमुळे नीरेच्या कालव्याला झळ लागेल असे नाही.

अडचण आहे ती साठवणीची. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन अकरा हजार लिटरहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो मोटारीत ७०० बार दाबाने भरतात. सीएनजीचा दाब २०० बारच्या आसपास असतो. इतका दाब सोसणारी टाकी महाग पडते. शिवाय इंधनघटात प्लॅटिनम लागते. वायूला वास नाही, ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि तो बारीक फटीतूनही निसटतो. हलका असल्याने उघड्यावर पटकन वर निघून जातो ही जमेची बाजू. परंतु बंद शेडमध्ये तोच धोका ठरतो.

पंपांची स्थितीही पाहावी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हायड्रोजन मोटारींसाठी पंप उभारले गेले होते. २०२४ मध्ये शेल कंपनीने तेथील आपले पंप बंद केले. जेथे पंप होते तेथे ही गत, तर वरंध घाटाच्या वाटेवर किंवा तोरण्याच्या पायथ्याशी पंप कोण आणि कोणाच्या भरवशावर काढणार?

शेतीयंत्रांचा अनुभव वेगळा नाही. न्यू हॉलंडने हायड्रोजनवरचा ट्रॅक्टर २००९ मध्ये दाखवला. पुढे त्याच कंपनीचा बाजारात आला तो मिथेन वायूवर, म्हणजे आपल्या गोबरगॅसमधील ज्वलनशील वायूवर, चालणारा ट्रॅक्टर.

मग हायड्रोजनचे भवितव्य काय? ते आहे, पण लहान मोटारीत नव्हे. जड माल घेऊन लांब जाणारे ट्रक आणि बस यांना बॅटरीचे ओझे नडते व चार्जिंगला थांबणे परवडत नाही. तेथे हायड्रोजन काही मिनिटांत भरता येतो. टाटा मोटर्सने इंडियन ऑइलला हायड्रोजनच्या बस दिल्या, त्यांतील पहिल्या दोन सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत रस्त्यावर आल्या. त्याहून मोठा वाव खतांत आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, आणि महाराष्ट्राचे धोरणही त्याच वर्षी आले. २०३० पर्यंत देशात दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करावा, असे उद्दिष्ट आहे. त्यातून होणारा अमोनिया डीएपी व मिश्रखतांना सरळ वापरता येईल. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, तो वेगळा आणावा लागेल, म्हणून युरियाची पाळी नंतरची.

गाडी आणि पेंढा

गाडीसाठी थांबू नये. रोज दूध संकलन केंद्रापर्यंत वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्याने बॅटरीच्या तीनचाकीचा विचार करावा, मात्र पावसाळ्यात आपल्या वाडीत वीज किती वेळ टिकते ते आधी पाहावे. यार्डाची नियमित खेप असेल व सीएनजी पंप वाटेवर असेल तर सीएनजीची पिकअप पाहावी. घाटात भरल्या गाडीने जाणाऱ्यास तूर्त डिझेलला पर्याय थोडाच आहे. हायड्रोजन पंपाची एजन्सी देतो म्हणून कोणी अनामत मागितली, तर एक रुपयाही देऊ नये.

पेंढ्याचा विषय अधिक जपून हाताळावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शेतीच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित करण्यात भाग घेतला आहे. काम चांगले आहे. पण पंजाबात पेंढा जाळला जातो, आपल्याकडे तो गोठ्यात खपतो. एक टन पेंढ्याबरोबर ५ ते ८ किलो नत्र व सुमारे १५ ते २० किलो पालाश शेताबाहेर जाते, शिवाय सिलिका जाते ती वेगळीच. चारसूत्री भातशेतीत पेंढा व तुसाची राख खाचरात परत घालण्यास सांगितले आहे ते याचसाठी. तेव्हा पेंढ्याचा भाव करताना या अन्नद्रव्यांची किंमत त्यात धरावी. वजन वाळलेल्या मालावर ठरवावे, गासड्या बांधण्याचा व वाहतुकीचा खर्च कोणाचा ते मराठीत लिहून घ्यावे. एका मोठ्या जनावरास दिवसाला ५ किलो धरले तर मार्गशीर्ष ते ज्येष्ठ या सात महिन्यांना सुमारे एक टन पेंढा लागतो. दावणीला जितकी जनावरे तितक्या टनांची गंजी आधी रचून घ्यावी आणि उरेल त्याचीच बोलणी करावीत.