घोड्याच्या खुराकात पैसा कुठे घालावा?

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या लॉन्सबाहेर वरात निघेपर्यंत घोडी तासन्‌तास उभी असते. जवळपास कुठे कण्हेर छाटून टाकली असेल, तर आधी तिकडे बघा. ओलं पान कडू लागतं म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. सुकलं की कडवटपणा उतरतो, विष तसंच राहतं. 400 किलोच्या घोडीच्या जिवावर बेतायला 20 ग्रॅम सुकी पानं पुरतात. त्यामुळे पहिला पैसा तोबऱ्यात घाला. भुकेली घोडी काहीही ओरबाडते.

शंका आली तर जबड्याच्या हाडाला आतल्या बाजूने दोन बोटं लावून नाडी मोजा. निरोगी घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 ठोके पडतात. ठोका चुकत असेल तर पोटशूळ समजून घोडी फिरवू नका. कण्हेर हृदयावर घाव घालते, चालवलं तर घोडी कोसळू शकते. बाटलीने तेल पाजलं तर ते फुप्फुसात उतरण्याचा धोका. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून नाकातून नळी घालावी लागते आणि ते डॉक्टरांनीच करायचं. लगेच 1962 लावा, किंवा खडकेश्वरचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. उरलेली पानं पिशवीत भरून दाखवा. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची वेळ आली, तर जाऊन-येऊन जवळपास 400 किलोमीटर होतात. पिकअपचे किलोमीटरला 20 रुपये धरा, नुसतं भाडंच 8,000.

जीवनसत्त्वांचा तुटवडा असा एका रात्रीत दिसत नाही. मार्च ते जून निव्वळ कडब्यावर काढले की ‘अ’ आणि ‘ई’ दोन्ही घटतात. अंधार पडताच घोडी ठेचकाळते, हे ‘अ’ कमी असल्याचं लक्षण. आणि वराती तर संध्याकाळीच निघतात! मांड्या थरथरत असतील, अंग आखडत असेल, तर ‘ई’ तपासून घ्या.

यावर माझी पहिली पसंती लसूण घासाला. रोज 10 किलो, किलोला 10 रुपये धरले तर महिन्याला 3,000. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, एकदम घातला तर पोट बिघडतं. घास मिळत नसेल तरच पावडर घ्या, पण डब्याची नुसती किंमत बघू नका. 400 किलोच्या घोडीला रोज साधारण 400 युनिट ‘ई’ लागतं. तेवढं 30 ग्रॅममध्ये मिळत असेल, तर 600 रुपयांचा किलोचा डबा 33 दिवस जातो. दिवसाला 18 रुपये. युनिट छापलेलेच नसतील तर तो डबा घेऊ नका. ‘ई’ आणि सेलेनियमचं एकत्र इंजेक्शन दुकानदाराच्या सांगण्यावरून तर मुळीच टोचू नका. सेलेनियम जास्त झालं तर तेही घोड्याला विषच.