गोड पाण्याची परीक्षा

“पाणी म्हणजे जीवन” हा सुविचार आपण सर्वांनी शाळेच्या फळ्यावर लिहिला आहे. परंतु ज्या पाण्यावर आपले घर जगते ते एकदा तपासून पाहावे, असे गोदावरीच्या खोऱ्यातील आमच्या मळ्यात कुणालाही कधी वाटले नव्हते.

यंदा पर्यावरण विषयाच्या प्रकल्पासाठी मी घरचीच विहीर निवडली. त्याच वेळी ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या तीन महिन्यांच्या बाळाला वरचे दूध याच पाण्यात कालवून दिले जात होते. आई ते पाणी न चुकता उकळत असे.

आण्णा हसून म्हणाले, “अगं, तुझ्या आज्यानं खांदलेली इहीर हाय ही. तीन पिढ्या प्यालो, आन् आता बाटलीत घालून तपासायची?” घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणून वाद न घालता मी बाटली धुवायला घेतली.

नमुना घेण्याचीही एक रीत आहे. प्रथम मोटार थोडा वेळ चालू ठेवावी. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळू नये व तिच्या तोंडाला हात लावू नये. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना खरे चित्र दाखवत नाही.

जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण मिळाले आहे. आमच्या गावातील अशाच एका काकूंनी संच आणला. सामू 6.5 ते 8.5 या मर्यादेत निघाला. जंतूंच्या बाटलीतील पाणी दुसऱ्या दिवशी काळे पडले. म्हणजे विष्ठेतील जंतूंचा संशय. नायट्रेटचा रंग तर 45 च्या खुणेपलीकडे गेला. भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. 10500) पिण्याच्या एक लिटर पाण्यात नायट्रेट 45 मिलिग्रॅमहून अधिक नसावे. संच केवळ अंदाज देतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठविला. तेथेही नायट्रेट जास्तच आले.

नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. बाळ निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतावरच्या विहिरींचे पाणी दिलेल्या बाळांचा असा आजार डॉ. हंटर कॉम्ली यांनी 1945 मध्ये प्रथम मांडला. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. हे वाचले तेव्हा चुलीवरचे आईचे पातेले माझ्या डोळ्यांपुढे आले. जी काळजी ती प्रेमाने घेत होती, ती पुरेशी नव्हती.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. विहिरीपासून काही पावलांवर उकिरडा, शेजारी गोठा, भोवती युरिया खाणारा ऊस. नायट्रेट मातीत फारसे अडकत नाही. पावसाच्या व पाटाच्या पाण्याबरोबर मुरुमातून, खडकाच्या भेगांतून ते खाली झिरपते.

त्याच दिवसापासून बाळासाठी गावच्या नळाचे पाणी, तेही तपासून व उकळून, येऊ लागले. बाळ सुखरूप आहे. आण्णांनी काही न बोलता उकिरडा उताराच्या बाजूला दूर हलविला. विहिरीचे कठडे बांधून झाले. पण एकदा खाली गेलेले नायट्रेट लगेच निघत नाही, हेही आम्ही समजून आहोत.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण मळ्यांतून, वस्त्यांवरून येथे येतात. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा घरचे पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आपल्या राज्यात आहेत. जंतूंवर उपाय वेगळा, नायट्रेटवर वेगळा. आणि दोष कोणता हे जिभेला कळत नाही. आजोबांनी विहीर खणून पाणी दिले. ते पारखून पिणे, एवढे तरी आमच्या पिढीने करावे.

— द्वितीय वर्ष, कला