हंपीच्या कार्यशाळेला निघालीस ना?

फॉर्म भरून झाला, पैसे गेले, आणि आता तू विचारतेस, ‘आत्या, नवी लेन्स घेऊ का?’ नको घेऊस. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ हंपीला पुरून उरते. विरूपाक्षाचं गोपूर, कमळ महाल, रथाचं अंगण, सगळं तिच्यात बसतं. मंदिरांच्या आत उजेड कमी असतो, तेव्हा कुणाची ५० एमएमची १.८ वाली उसनी मिळाली तर बरोबर ठेव. नवं यंत्र घेऊन गेलीस तर निम्मा वेळ बटणं शोधण्यातच जाईल. त्यापेक्षा आहे तो कॅमेरा रोज संध्याकाळी घरातच हातात घे, दिवा मालव आणि न बघता आयएसओ, अ‍ॅपर्चर, शटर बदलायला शीक. पहाटे मातंग डोंगरावर हेच कामाला येणार आहे.

दुसरं म्हणजे, पैसे भरले म्हणून प्रश्न विचारायचे थांबवू नकोस. आयोजकांना फोन कर. एका शिकवणाऱ्यामागे किती जण? आठ-दहाच्या वर गेले की ती सहल समजायची. आणि मुख्य प्रश्न, रोज काढलेले फोटो बसून बघायला किती वेळ ठेवलाय? कार्यक्रमपत्रिकेत नुसती ठिकाणांची यादी असेल तर स्पष्ट विचार. हंपी काय, होसपेटला उतरून दिवसभराची रिक्षा केली की दिसते. तू पैसे मोजतेस ते तुझे फोटो जाणत्या माणसाने तुझ्यासमोर तपासावेत म्हणून. तुझे बाबा म्हणतील, ‘एवढ्या पैशात आम्ही सगळे जाऊन आलो असतो.’ त्यांना म्हणू दे.

जाण्याआधी एक अभ्यास कर. अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी होता. त्याने १८५६ मध्ये मेण लावलेल्या कागदाच्या मोठ्या निगेटिव्हवर हंपीचे फोटो काढले. ते शोधून बघ. विठ्ठल मंदिरासमोरच्या दगडी रथाचा फोटो नीट न्याहाळ. रथावर तेव्हा विटांचं शिखर होतं, ते पुढे उतरवलं गेलं. आज आपण बघतो तो रथ म्हणजे शिखर गमावलेला रथ. पुढे १९८३ मध्ये जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉ जिथे उभा होता त्याच जागा हुडकून पुन्हा फोटो घेतले. दोघांचे फोटो शेजारी ठेव आणि एवढंच बघ की माणूस उभा कुठे राहिलाय, किती मागे सरकलाय, खालची जमीन किती घेतलीय. पहिल्या कार्यशाळेत शिकण्यासारखं सगळ्यात मोठं म्हणजे कुठे उभं राहायचं. बाकीची बटणं घरी शिकता येतात.

मातंग डोंगर. अंधारातच चढायला लागेल, कारण डिसेंबरात तिथे पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि तू अर्धा-पाऊण तास आधी वर हवीस. डोक्याला बांधायचा टॉर्च घे, हात मोकळे राहतात. दगड गुळगुळीत आहेत, चांगली पकड असलेले बूट घाल आणि गटाबरोबरच चढ. एकटी पुढे किंवा मागे राहू नकोस. वर पोहोचलीस की सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे असतील. तूही चार फोटो काढ, आकाश पांढरंफटक होऊ नये म्हणून एक्स्पोजर थोडं खाली घे. सूर्य वर आला की मंडळी चहाच्या ओढीने सामान आवरायला लागतात. नेमकी तेव्हा तू थांब. खाली अच्युतरायाचं मंदिर आहे, प्राकाराच्या भिंती, समोरची लांबलचक ओसाड बाजारपेठ. तिरपं ऊन हळूहळू त्या भिंतींवर उतरायला लागतं, सावल्या लांब पडतात, आणि मघाशी सपाट दिसणाऱ्या त्या जागेला खोली येते. शिकवणाऱ्याला म्हण, ‘सर, अजून अर्धा तास थांबूया.’ चांगला असेल तर तो आधीच थांबलेला असेल.

विरूपाक्ष मंदिरात गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. ती चुकवू नकोस. भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर अख्ख्या गोपुराची उलटी सावली पडते, कळस खाली, पाया वर. शिखराकडून निघालेला किरण सरळ रेषेत येऊन झरोक्यातून खाली जातो, पायाकडचा वर जातो, एवढीच करामत. तुझ्या गळ्यातला कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. सावलीपुढे पांढरा कागद धरला की आणखी ठसठशीत दिसते. फोटो काढायचा तर आयएसओ वाढव, पाठ खांबाला किंवा भिंतीला टेकव, कोपर छातीशी दाब आणि श्वास सोडताना बटण दाब. तिपाई सोबत असेलच असं धरू नकोस. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिला वेगळी परवानगी लागते, ती आयोजकांनी काढलीय का ते विचार. ड्रोनचं नावही काढू नकोस.

रथाचं तुला आधीच माहीत आहे, पन्नासच्या नव्या नोटेवर तोच आहे. त्याचा समोरून फोटो सगळे काढतात, तूही काढून मोकळी हो. मग त्याच्याकडे पाठ कर. विठ्ठल मंदिराच्या महामंडपाचे खांब, त्यांच्यावरचे उधळलेले घोडे आणि याळी नावाचे काल्पनिक पशू, फरशीवर सरकणारं ऊन, झाडू मारणारी बाई. त्या वाजणाऱ्या खांबांवर बोट मारून बघायचा मोह होईल, मारू नकोस, मनाई आहे. आणि गाभाऱ्याशी गेलीस की जरा कॅमेरा खाली ठेव. आत मूर्ती नाही. आपल्याकडची परंपरा सांगते की संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला, म्हणजे इथेच, नेलेला विठोबा परत पंढरपुरी आणला. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत, पंढरीच्या माणसाला त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर काहीतरी होतंच.

हत्तीखान्याचं तोंड पश्चिमेकडे आहे, तिथे दुपारनंतर जायचं. अकरा घुमट ओळीने आहेत, मोजायला मजा येते.

माणसांचे फोटो काढताना सांभाळ. दहा कॅमेरेवाले एका साधूभोवती कोंडाळं करतात, तो पोज देतो आणि सगळे एकसारखा फोटो घेऊन परततात. त्या घोळक्यात शिरू नकोस. पैसे मागितले तर द्यायचे की नाही ते आधीच ठरवून ठेव, फोटो काढून झाल्यावर घासाघीस करणं वाईट. विचारताना ‘फोटो तेगेयबहुदा?’ म्हण. कानडी मोडकी असली तरी समोरचा हसतो आणि हसला की निम्मं काम झालं. लहान मुलांचे फोटो काढायचे तर आधी त्यांच्या आईकडे बघ.

आता संध्याकाळची बैठक. तुझ्याकडे तीनशे-चारशे फोटो असतील. दाखवायचे फक्त दहा. हे दहा निवडणं हीच परीक्षा आहे, म्हणून ती दुसऱ्यावर सोपवू नकोस. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघून काहीही डिलीट करू नकोस, तिथे वाईट दिसणारा फोटो मोठ्या पडद्यावर चांगला निघतो आणि उलटही होतं. फोटो समोर आला की ‘तेव्हा ना, उजेड कमी होता, एक माणूस मध्ये आला’ असं सुरू करू नकोस. फोटोच्या शेजारी खुलासा करायला तू उभी नसणार आहेस. गप्प बस, सर काय बोलतात ते वहीत लिही. ते नुसतं ‘छान आहे’ म्हणाले तर सोडू नकोस. ‘यातलं काय काढून टाकलं असतंत?’ असं विचार. या एका प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. आणि इतरांचे फोटो चालू असताना मोबाइलमध्ये डोकं घालू नकोस. दुपारी तू ज्या दगडाशी उभी होतीस तिथूनच शेजारच्याने काहीतरी वेगळंच टिपलेलं असतं. तो कुठे वाकला, किती थांबला, हे लाजत विचार, पण विचार. आपला फोटो वाईट ठरला म्हणून रात्री रडायचं नाही. वाईट का ठरला ते कळलं तर ते पैसे वसूल.

बाकी किरकोळ. दोन बॅटऱ्या आणि दोन कार्डं, मोठं एकच नको. लेन्सवर धूळ बसते, हवा मारायचा फुगा घे आणि उघड्यावर लेन्स बदलू नकोस. मंदिरात चपला बाहेर आणि दुपारी फरशी भाजते, म्हणून जाड मोजे. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की हंपीची माकडं ती खाण्याचीच समजतात, सामान पाठीवरच्या बंद पिशवीत. गोल टोपलीसारख्या होडीतून नदी ओलांडणार असाल तर कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून ठेव आणि होडी गिरक्या घेते तेव्हा शटर एक पाचशेच्या वर. रात्री झोपण्याआधी सगळं लॅपटॉपवर उतरव, वर हार्ड डिस्कवर एक प्रत काढ आणि परतीच्या गाडीत त्या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत ठेवू नकोस.