एका तारखेचे चार अन्नदाते

ह्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला बस लवकर पोचली, म्हणून हे कळलं. बाराला बोलावलं होतं, मी साडेदहालाच आश्रमात हजर. जेवणघराच्या दाराशी फळा, 'आजचे अन्नदाते', आणि खाली खडूने भलत्याच घरातलं नाव. ती मंडळी मुलांबरोबर फोटो काढून घेत होती. ताटं वाढलेली. श्लोक झाला, फोटो झाला, पाहुणे ऑफिसात चहाला गेले, मुलं तशीच बसून. आठवीतला वाटावा असा एकजण डस्टर घेऊन आला, नाव पुसलं आणि मला म्हणाला, "आजी, तुमचं आडनाव कसं लिहू? आज चार आहेत."

मी म्हटलं, लिहू नकोस, आधी जेव. तर म्हणाला, "चौथे आल्याशिवाय नाही."

पंचवीस हजारांची कायमठेव, तिच्या व्याजातून दरवर्षी ह्या तारखेचं जेवण, असं संचालक घरी येऊन सांगून गेले होते. ह्यांच्या फोटोला हार घालून, डोळे टिपून. मी ३१ वर्षं बँकेत काढली. सात टक्क्यांनी साडेसतराशे, मुलं साठ, म्हणजे ताटामागे तीस रुपयेसुद्धा नाहीत. एवढा हिशोब मी एरवी झोपेत केला असता. त्या महिन्यात नाही केला, आणि लोक नेमके त्याच महिन्यात येतात.

संचालकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, मुलांची पोटं भरतात ना? दिल्या दानाचा हिशोब मागू नये." आमचे भाऊजीही तेच म्हणाले, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये वगैरे. ते देणाऱ्याच्या हाताचं हो! घेणाऱ्याच्या हाताचं गावाला कळलंच पाहिजे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यायचा कायदा उगाच नाही.

पावतीवर नुसतं 'देणगी' होतं. ठेव म्हणून देणार असाल तर 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं सहीचं पत्र चेकबरोबर द्या, पोच घ्या. नाहीतर पैसे त्याच वर्षी खर्ची टाकायला संस्था मोकळी. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. आणि आर्थिक वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत देणगीचं प्रमाणपत्र यायला हवं. माझं आलंच नाही. मुलगा म्हणतो, आई, तू नव्या करप्रणालीत आहेस, तुला त्याचा उपयोग शून्य. असेल. पण संस्थेने आयकर खात्याला देणगी कळवल्याशिवाय ते प्रमाणपत्र निघत नाही. मग माझे पंचवीस हजार कुठे दाखवले, ते विचारायचं नाही का?

बाकी नेहमीचंच: चौकशी करा, भरीस पडून सही करू नका, संस्था बघून या. मात्र न कळवता जा.

फळ्यावर ह्यांचं नाव मला हवं होतं, हे कबूल. त्यात माझं काय चुकलं? पण संस्थेलाही नाव हवं असलेलीच माणसं लागतात. तांदळाचं पोतं देणाऱ्याच्या घरी हार घेऊन कुणी येत नाही.

आता जूनमध्ये जवळच्या शाळेतल्या बाईंना विचारून वह्या घेऊन देते, दुकानाचं बिल माझ्या नावावर.

परवा आश्रमाचा व्हॉट्सअॅप आला. 'आपली तारीख जवळ आली आहे, कृपया नूतनीकरण करावे.' कायमठेवीचं नूतनीकरण!