सट्टा आणि व्यापार

हरिपूरची हळदीची पेवे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी घरच्या वडील मंडळींस विचारावे. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ निकामी झाली. पेवात हळद घालून भाव चढण्याची वाट पाहणारा व्यापारी सटोडिया म्हणावा काय? माझ्या मते नव्हे. माल त्याच्या हाती असतो व तो जपण्याचे श्रम तो घेतो.

सांगलीस हळदीचा वायदाही चाले. दर आज ठरवावयाचा, माल पुढे द्यावयाचा. भाव उतरण्याची शेतकऱ्यास वाटणारी धास्ती नफ्याच्या आशेने जो आपल्या शिरावर घेतो, तो सटोडिया. शेअरबाजारातही त्याच्यामुळे विकणाऱ्यास गिऱ्हाईक चटकन मिळते. एवढा त्याचा उपयोग प्रांजळपणे कबूल केला पाहिजे. प्रभूच्या दृष्टान्तातही धन्याचा रोष व्यापार करणाऱ्या चाकरांवर झाला नाही, द्रव्य पुरून ठेवणाऱ्यावर झाला.

मग अनर्थ होतो कोठे? १८६१ साली अमेरिकेत यादवी जुंपली. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. पैशाचा लोंढा आला तशा नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला! जमीन किती झाली हे कोणी विचारीना. उद्याचा भाव काय, एवढेच जो तो विचारी. त्यातही स्वतःचा पैसा थोड्यांचा. जिच्यात सरकारचेही भांडवल होते, त्या बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जे दिली. शेअर चढला म्हणून कर्ज मिळे, आणि कर्ज मिळे म्हणून शेअर चढे.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपत आले, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा असंख्य वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी देणे देण्यास पैसा कोणापाशीच नव्हता. मोठमोठ्या पेढ्या बसल्या, पुढे ती बँकही बुडाली, आणि तिच्या भागधारकांचे बहुतेक भांडवल गेले.

या तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिली होती. आईच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. मुंबईस गेल्यास अवश्य पाहावा.